टर्म प्लॅनचं मेडिकल शनिवारी आहे, नक्की काय काय बघतात? (आणि तंबाखूचं काय करू)

सांगलीकर_चाकणात · मंगळवार, रात्री १०:४२

मंडळी नमस्कार. वय ३४, चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. मागच्या वर्षी फ्लॅट घेतला, ३८ लाखाचं लोन, मुलगी अडीच वर्षाची, बायको सध्या घरीच असते. म्हणून एक कोटीचा टर्म प्लॅन, म्हणजे मुदतीत मी गेलो तर घरच्यांना पैसे देणारा आयुर्विमा, घ्यायचं ठरवलं. ओळखीतल्या एजंटाने फॉर्म भरला, म्हणजे त्यानेच मोबाईलवर टकाटक भरला आणि मी फक्त ओटीपी सांगितला. आता शनिवारी सकाळी मेडिकल लागलंय आणि मला आत्तापासनं झोप नाही.

काय काय टेस्ट असतात? उपाशी किती तास राहायचं? पट्ट्यावर पळवतात म्हणे, ते सगळ्यांना असतं का? माझं बीपी घरी १२५ असतं आणि डॉक्टरसमोर बसलो की १४५ होतं, त्याचं काय? वडलांची ५४ व्या वर्षी अँजिओप्लास्टी झालीय, आता ठणठणीत आहेत, ते सांगायचं का नाही सांगायचं?

आणि मेन मुद्दा. मी तंबाखू खातो. लय नाही, जेवणानंतर आणि नाईट शिफ्टला, दिवसात दोन-तीन बार. सिगारेट आयुष्यात ओढली नाही, दारू वर्षातनं एखाद-दोनदा. एजंटाने फॉर्मवर तंबाखूला 'नाही' टाकलंय. मी विचारलं तर म्हणला, अहो पाच-सहा दिवस बंद ठेवा, पाणी भरपूर प्या, लघवीत काही येत नाही, उगाच प्रीमियम कशाला वाढवून घेताय. बायको म्हणते जे आहे ते लिही. मधल्यामध्ये माझं सँडविच झालंय. ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.

वऱ्हाडी_ठेचा · मंगळवार, रात्री ११:०५

काही टेन्शन नको घेऊ भाऊ, फॉर्मॅलिटी असते सगळी. माझं झालं दोन वर्षाआधी, घरीच आला होता पोरगा, रक्त काढलं, एक पट्टी लावून ईसीजी काढला, वजन केलं, पंधरा मिनिटात गेला पण. त्यायलाही धंदा करायचा आहे, उगाच कोणाले नाही म्हणत नाहीत. तंबाखूचं तर आपल्याकडे अर्ध्या जिल्ह्याचं हेच आहे. मेडिकल त्यांनी केलं, त्यांनी पास केलं, मग पुढची जबाबदारी त्यांचीच ना!

रक्तपिपासू · बुधवार, सकाळी ६:१०

नावावर जाऊ नका, मी नाशिकला लॅबमध्ये आहे आणि नऊ वर्षं घरोघरी जाऊन विम्याचीच सँपल घेतोय, त्यामुळे हे सगळं रोजचं आहे. आत्ता पहिल्या व्हिजिटला निघायच्या आधी चहा होईतो लिहितो, शुद्धलेखन बघू नका.

उपाशी म्हणजे १० ते १२ तास. रात्री आठ-साडेआठला साधं जेवा, पोळी-भाजी, वरण-भात, आणि तोंड बंद. साधं पाणी चालतं, उलट प्या, पाणी न पिता आलेल्या माणसाची शीर शोधताना माझा घाम निघतो आणि त्याचा पण. चहा चालत नाही. कोरा चहा पण नाही. "बिनसाखरेचा घेतला थोडासा" हे मी आठवड्यातनं तीनदा ऐकतो आणि तीनदा परत जातो. शुक्रवारी रात्री पार्टी असेल तर ती शनिवारी रात्रीवर ढकला, कारण मटणाचा रस्सा आणि दारू दोन्ही ट्रायग्लिसराइडमध्ये (रक्तातली चरबी) बसतात आणि दारू लिव्हरच्या जीजीटीमध्ये पण बसते.

रक्त किती काढतात असं सगळे घाबरून विचारतात. तीन नळ्या, मिळून साधारण दोन चमचे. जांभळ्या झाकणाची नळी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एचबीए१सीला, राखाडी झाकणाची उपाशीपोटीच्या साखरेला, लाल किंवा पिवळ्या झाकणाची बाकी सगळ्याला, म्हणजे कोलेस्टेरॉल, लिव्हर, किडनी, एचआयव्ही, कावीळ बी. एचआयव्हीच्या टेस्टसाठी वेगळी सही घेतात, दचकू नका, सगळ्यांचीच घेतात. नळीवरच्या स्टिकरवर आपलंच नाव आहे का ते तुमच्या डोळ्याने वाचा. माझ्यासमोर वाचा, मला राग येत नाही.

एचबीए१सी म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची साखर. त्यामुळे जे लोक आठवडाभर गोड बंद करून आमच्यासमोर बसतात त्यांचं मला हसू येतं. ५.७ च्या खाली असेल तर नॉर्मल, ५.७ ते ६.४ म्हणजे काठावर, ६.५ आणि वर म्हणजे मधुमेह. आठवडाभर कारल्याचा रस पिऊन ती हलत नाही.

लघवीची बाटली आम्ही देतो. पहिली थोडी सोडून मधली धरायची. घरून भरून आणू नका. हे लिहावं लागतंय कारण एका माणसाने मला औषधाच्या जुन्या बाटलीत भावाची आणून दिली होती आणि भावाला शुगर निघाली असती तर काय केलं असतं हा विचार त्याने केलेला नव्हता. दुसऱ्या एकाने तर मलाच पाचशेची नोट दाखवून, "दादा तुमचीच द्या ना भरून" म्हटलं. नाही दिली. माझी पण तंबाखूची पुडी खिशात असते.

मूळ ओळखपत्र जवळ ठेवा, आधार किंवा पॅन, सँपल घेताना तुमचा फोटो काढतात आणि तो वर जातो. आणि बीपीसाठी एक युक्ती, लघवीचं सँपल आधी द्या आणि बीपी नंतर मोजून घ्या. लघवी तुंबलेली असेल तर बीपी वर दिसतं, बोलत बसलात तरी वर दिसतं. पाच मिनिटं खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर, गप्प बसा. पहिलं जास्त आलं तर डॉक्टर दोन-तीन वेळा घेतात, सगळी आकडेवारी लिहितात.

तंबाखूचं: लघवीत निकोटीन शोधत नाहीत, कोटिनिन शोधतात, निकोटीन शरीरात फुटून जे उरतं ते. साधारण सोळा ते वीस तासांनी ते निम्मं होतं, मग परत निम्मं, असं. कधीतरी खाणाऱ्याचं दोन-चार दिवसात जातं, रोजच्या माणसाचं आठवड्यानंतरही सापडलेलं मी पाहिलंय. पाणी पिऊन धुऊन निघतं वगैरे एजंट लोकांची पोथी आहे, पातळ लघवी पण लॅबला कळते. आणि निकोटीनची च्युइंगम खाऊन आलात तरी टेस्ट पॉझिटिव्हच येणार.

चला, दिंडोरी रोडला सात वाजता पहिला पेशंट आहे.

घाटरस्ता · बुधवार, दुपारी १:२०

पट्ट्याचं मी सांगतो कारण माझा दोनदा झालाय. ती टीएमटी. सगळ्यांना नसते, वय, रक्कम आणि घरातला इतिहास बघून लावतात. तुझं वय ३४ आणि एक कोटी म्हणजे कदाचित साध्या ईसीजीवर भागेल, पण वडलांची अँजिओप्लास्टी लिहिलीस तर लावू शकतात. लिहायचीच आहे पण, फॉर्ममध्ये सरळ प्रश्न असतो की आईवडील, भाऊबहीण यांना साठीच्या आत हार्टचं काही झालंय का.

तर टीएमटी अशी की आधी छातीवरचे केस चार-सहा ठिकाणी तासतात (आठ दिवस खाज सुटते, हे कोणी सांगत नाही), मग दहा वायरी चिकटवतात, दंडाला बीपीचा पट्टा, आणि चाला म्हणतात. सुरुवातीला मला वाटलं हे काय, मंडईत जाताना यापेक्षा जोरात चालतो. दर तीन मिनिटांनी पट्टा वेग पण वाढवतो आणि चढ पण. तिसऱ्या टप्प्यात सिंहगड आठवतो. २२० मधून वय वजा करायचं, त्याच्या ८५ टक्के ठोके गाठायचे, म्हणजे तुझे १८६ चे ८५ टक्के, १५८ च्या आसपास. धाप लागली, छातीत काही वाटलं तर लगेच सांगायचं, मर्दपणा दाखवायची जागा नाही ती. पायात स्पोर्ट शूज, अंगात सैल पँट. काही लोक चपलेत येतात आणि मग अनवाणी पळतात. रक्त उपाशीपोटी द्यायचं, मग दोन बिस्किटं, एखादं केळं खायचं आणि दीड-दोन तासांनी पट्ट्यावर चढायचं. पोटभर मिसळ हाणून चढू नये, माझ्या पुढचा माणूस चढला होता, पुढचं सांगत नाही.

रिपोर्टवर 'टीएमटी निगेटिव्ह' असं आलं, म्हणजे हार्टचा दोष दिसला नाही, तर तेच पाहिजे असतं! आमच्या हिने ईमेलवर निगेटिव्ह वाचलं आणि मी ऑफिसातनं येईपर्यंत माहेरी फोन गेलेला होता, सासरे लातूरहून निघायच्या तयारीत.

आता माझा शहाणपणा. पहिल्या वेळी मी रविवारी साताऱ्याची हिल मॅरेथॉन पळालो आणि सोमवारी सकाळी सँपल दिलं, कारण सोमवारीच सुट्टी होती. लघवीत प्रोटीन आणि रक्ताचा अंश, आणि लिव्हरच्या टेस्टमधलं एसजीओटी वर. कंपनीने किडनीचं पुढचं सगळं मागितलं. मी गूगल करून करून आठवडाभर मेलो. दोन आठवडे न पळता परत सँपल दिलं तर सगळं स्वच्छ. लांब पळाल्यावर, जिममध्ये जोरात वजनं उचलल्यावर असं होतं हे मला पळणाऱ्यांच्या ग्रुपने नंतर सांगितलं. तर मेडिकलच्या आधी दोन-तीन दिवस व्यायाम शांत ठेव. क्रिएटिन पावडर घेत असशील तर तेही डॉक्टरांना सांग, किडनीच्या टेस्टमधलं क्रिएटिनिन वर दिसतं त्याने.

शेवंतीची_वेणी · बुधवार, रात्री ९:१५

हा धागा बायका पण वाचतील म्हणून लिहिते. पाळी चालू असेल तर अपॉइंटमेंट पुढे ढकला, सरळ सांगा, लघवीत रक्त दिसलं की नसते प्रश्न निघतात. आणि गरोदर असाल तर बऱ्याच कंपन्या बाळंतपण झाल्यावर या म्हणतात, त्यात वाईट वाटून घेऊ नका.

माझं मेडिकल फोनवर झालं, टेलिमेडिकल म्हणतात. डॉक्टर बाई फोन करतात, कॉल रेकॉर्ड होतो, वीस मिनिटं प्रश्न. त्यांनी विचारलं काही आजार आहे का, मी पटकन नाही म्हटलं. मग म्हणाल्या रोज कुठली गोळी चालू आहे का, मी म्हटलं हो, थायरॉइडची, सात वर्षं. बाई क्षणभर गप्प. मला खरंच खोटं बोलायचं नव्हतं हो, पण गोळी चालू आहे, रिपोर्ट नॉर्मल येतात, तर मनाने तो आजार राहिलेलाच नव्हता. आपल्याकडे 'कंट्रोलमध्ये आहे' म्हणजे 'नाही' असंच धरतात. बीपीची गोळी घेणारे माझे मोठे दीर पण फॉर्मवर बीपी नाही लिहून बसले होते. माझ्या थायरॉइडने प्रीमियम एक रुपया वाढला नाही, नुसता मागच्या टीएसएचचा रिपोर्ट मागितला.

तसंच मिश्रीचं. माझ्या नणंदेने तंबाखूला 'नाही' सांगितलं, आणि ती सकाळ-संध्याकाळ मिश्री लावते. तिला विचारलं तर म्हणे, "अगं ती दातांना असते, खायची थोडीच!" मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. तपासणीत बरोबर पकडली गेली आणि तिला वाटलं लॅबवाल्यांनी बाटल्या बदलल्या. घरात रात्रभर चर्चा.

सांगलीकर दादा, तुम्ही तर जाणूनबुजून लपवताय. बायकोचं ऐका.

सांगलीकर_चाकणात · बुधवार, रात्री ११:३०

ताई लपवत नाहीये म्हणूनच विचारतोय ना इथे. पण समजा आठवडाभर बंद ठेवला आणि टेस्ट निगेटिव्ह आली, तर कागदावर मी तंबाखू न खाणाराच झालो ना? आणि वऱ्हाडी भाऊ म्हणतात तसं, कंपनीनेच तपासलं, मग नंतर कशावरून म्हणणार?

निवृत्त_विमावाला · गुरुवार, सकाळी ८:५०

माझी बत्तीस वर्षं विम्यात गेली, त्यातली शेवटची अकरा अंडररायटिंगला, म्हणजे ज्या टेबलावर हे रिपोर्ट येतात त्या टेबलावर. आता वेळ आहे आणि सौ. मंडईत गेल्या आहेत म्हणून सविस्तर लिहितो.

बाळा, तुझा प्रश्नच चुकतोय. फॉर्मवर 'आज लघवीत कोटिनिन आहे का' असं विचारलेलं नसतं. विचारलेलं असतं की गेल्या बारा महिन्यांत कुठल्याही स्वरूपात तंबाखू घेतलाय का. काही कंपन्या त्याहून मागचं विचारतात. आठवडाभर बंद ठेवलास तर लघवी स्वच्छ होईल कदाचित, पण त्या प्रश्नाचं उत्तर बदलत नाही. टेस्ट पास होणं आणि उत्तर खरं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दावा आला की उत्तर बघतात.

वऱ्हाडी यांचं म्हणणं मी नोकरीत हजारदा ऐकलं. मेडिकलमध्ये दिसतं ते फार थोडं. बीपी, साखर, किडनी, लिव्हर, ईसीजी, पोटाचा घेर, झालं. तुमचं दहा वर्षांपूर्वीचं ऑपरेशन रक्तात दिसत नाही, मानसोपचाराच्या गोळ्या दिसत नाहीत, पूर्वी कुठल्या कंपनीने नाकारलं ते दिसत नाही. ते सगळं तुमच्या शब्दावर चालतं. मेडिकल करणारा डॉक्टर पास-नापास ठरवत नाही, तो फक्त भरून पाठवतो. त्यामुळे त्याला पटवण्यात अर्थ नाही, आमच्या वेळी लोक त्याला आंब्याची पेटी द्यायचे, पेटी त्याच्याकडे आणि फाईल आमच्याकडे.

आता कायदा. विमा कायदा १९३८, कलम ४५, २०१५ च्या दुरुस्तीनंतरचं. पॉलिसी सुरू झाल्यापासून (बंद पडून परत चालू केली असेल तर तेव्हापासून) तीन वर्षं झाली की कंपनीला कुठल्याही कारणाने ती उकरून काढता येत नाही. हे ऐकून एजंट म्हणतात, बघा, तीन वर्षं ढकला, मग काही होत नाही. पण मधली तीन वर्षं कोण ढकलणार? त्या तीन वर्षांत दावा आला तर कंपनी कसून चौकशी करते, हॉस्पिटलचे जुने केसपेपर काढते, आणि केसपेपरवर पहिल्याच पानावर डॉक्टरने लिहिलेलं असतं, तंबाखू, इतकी वर्षं. ते कुणी लिहून दिलेलं असतं? पेशंटच्या बायकोनेच, अ‍ॅडमिट करताना, खरं सांगितलेलं असतं बिचारीने. फसवणूक ठरली तर भरलेले पैसेही जातात. फसवणूक नाही, नुसती माहिती दडवली असं ठरलं तर भरलेले हप्ते नव्वद दिवसांत परत मिळतात. एक कोटीच्या जागी दोन वर्षांचे हप्ते. असे कागद मी पाहिलेत, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

करायचं काय ते सांगतो. आज, मेडिकलच्या आधी, कंपनीच्या ईमेलवर स्वतःच्या मेलवरून दोन ओळी लिही: प्रपोजल (अर्ज) नंबर अमुक, तंबाखूच्या प्रश्नाचं उत्तर चुकून 'नाही' गेलंय, ते 'हो, रोज इतकं' असं दुरुस्त करावं, वडलांचा हार्टचा इतिहास असा असा. एजंटाला फक्त प्रत पाठव, त्याच्या फोनवर विसंबू नको. शनिवारी डॉक्टर तोंडी विचारेल तेव्हा तेच सांग. पॉलिसी आली की तिच्यासोबत प्रपोजल फॉर्मची प्रत येते, बहुतेक लोक ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात टाकतात. ती वाच. चुकीचं दिसलं तर तीस दिवसांचा फ्री लुक असतो, तेवढ्यात परत करता येते, मेडिकलचा खर्च, स्टँप ड्युटी आणि तेवढ्या दिवसांच्या जोखमीचा हप्ता कापून बाकी पैसे मिळतात.

निकाल चार प्रकारचे येतात. जसं मागितलं तसं मंजूर. लोडिंग, म्हणजे वाढीव हप्ता, त्याला तुझी संमती मागतात. पुढे ढकललं, म्हणजे सहा महिन्यांनी या. आणि नकार. नकार किंवा लोडिंग आलं की पुढच्या कुठल्याही कंपनीच्या फॉर्मवर ते सांगावं लागतं. म्हणून चार ठिकाणी एकदम अर्ज टाकत सुटू नको.

डॉक्टरसमोर बीपी चढणारे बरेच लोक असतात, एका १४५ ने कुणी नाकारत नाही. घरच्या नोंदी असतील तर घेऊन जा.

वऱ्हाडी_ठेचा · गुरुवार, दुपारी १२:१०

काका हे केसपेपरचं मले माहीत नव्हतं. माझ्या फॉर्मवर काय लिहिलंय ते पण मी पाहिलं नाही अजून, खरं सांगतो. पिशवीतच आहे.

निवृत्त_विमावाला · गुरुवार, दुपारी १२:२५

काढा पिशवीतून. आजच.

रक्तपिपासू · गुरुवार, रात्री ८:००

काकांना दंडवत. एक राहिलं, रोजच्या बीपीच्या गोळ्या वगैरे मेडिकलच्या दिवशी मनाने बंद करू नका, आपल्या डॉक्टरला विचारा. शुगरची गोळी उपाशीपोटी घेऊन चक्कर येऊन पडलेला माणूस मी उचललाय. आणि मेडिकलचे पैसे कंपनी देते, लॅबचा माणूस दारात मागायला लागला तर देऊ नका. पाणी विचारलंत तर मात्र आम्ही नाही म्हणत नाही, चहा तर नाहीच.

सांगलीकर_चाकणात · सतरा दिवसांनंतर

अपडेट द्यायला आलोय.

गुरुवारी रात्रीच मेल टाकला, काकांच्या शब्दात थोडी मीठमिरची घालून. शुक्रवारी एजंटाचा फोन, "साहेब तुम्ही माझ्यावर विश्वास नाही ठेवला." मी काय बोलणार. दोन दिवस रुसला होता, मग आला, कमिशन त्यालाही पाहिजेच.

शनिवारी सेंटरला गेलो. बीपी पहिल्यांदा १४८, मग पाठ टेकून गप्प बसलो, १३६, मग १३०. तिन्ही लिहिलं. डॉक्टर वयस्कर होते, छाती श्वास घेऊन मोजली, सोडून मोजली, ढेरी मोजताना मी पोट आत घेतलं तर म्हणाले, "सोडा, सोडा, लग्नाला नाही उभे राहिलात." वडलांचं वाचून टीएमटी लावलीच. छातीचे केस गेले. ११ मिनिटं पळालो. घाटरस्ता भाऊ, खाज सुटते ते खरं आहे. नळ्यांवरची नावं वाचली, तिथली मुलगी म्हणाली, काका पहिल्यांदाच कुणीतरी वाचतंय. मी काका! ३४ व्या वर्षी!

बाकी सगळं ठीक आलं. ट्रायग्लिसराइड जरा जास्त. कोटिनिन अर्थात पॉझिटिव्ह, मी बंदच नव्हता केला ना तोपर्यंत. मंजुरी आली, पण हप्ता आधी १३,४०० सांगितला होता तो २१,७०० झाला. जरा पोटात गोळा आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून आयुर्विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झालाय हे त्यातल्या त्यात बरं, नाहीतर वर आणखी चार हजार गेले असते.

गंमत म्हणजे कंपनीचं पत्र आईच्या हातात पडलं. कुरियरवाल्याने घरी दिलं, आणि आईने वाचलं 'टोबॅको'. तिला इंग्रजी येत नाही असं मी इतकी वर्षं समजत होतो. काही बोलली नाही, संध्याकाळी बडीशेपेची अर्धा किलोची पिशवी माझ्या पुढ्यात आणून ठेवली.

प्रश्न एकच. आता सोडलाय. वर्षभर राहिलो तर हप्ता कमी करून देतात का?

निवृत्त_विमावाला · त्याच दिवशी, रात्री ९:४०

शाब्बास. चालू पॉलिसीचा हप्ता सहसा कमी करत नाहीत, विचारून बघायला हरकत नाही. बारा महिने पूर्ण होऊ दे, शक्यतो थोडे वर, मग दुसऱ्या कंपनीच्या फॉर्मवरचा तंबाखूचा प्रश्न नीट वाच, किती मागचं विचारलंय ते, आणि नवीन अर्ज कर. पूर्वी खायचो, अमुक महिन्यात सोडला, असं लिहून. वय एक वर्षाने वाढलेलं असेल, तरी बहुतेक फायद्यातच राहशील. मात्र नवी पॉलिसी हातात येऊन, तिची प्रत वाचून होईपर्यंत जुनी सोडायची नाही, आणि नवीन पॉलिसीला कलम ४५ ची तीन वर्षं परत पहिल्यापासून लागतात हे ध्यानात ठेव.

सांगलीकर_चाकणात · रात्री ९:५५

ओके काका. आज १२ वा दिवस. नाईट शिफ्टला अडीचच्या सुमाराला हात अजून खिशात जातो आणि बडीशेप घेऊन बाहेर येतो. पोरं हसतात.

वऱ्हाडी_ठेचा · रात्री १०:२०

पिशवी काढली होती. माझ्या फॉर्मवर बी 'नाही'च टाकलंय. काका, दोन वर्षं झाली पॉलिसीले, आता मेल टाकू का?

निवृत्त_विमावाला · रात्री १०:३१

टाका. पण आधी ते पान नीट वाचा, आणखी कशाकशाला 'नाही' लिहिलंय ते बघून घ्या, सगळं एकाच मेलमध्ये जाऊ दे. हप्ता वाढेल, तपासणी परत मागतील, कदाचित दुसरंही काही म्हणतील, तयारी ठेवा. वहिनींना आधी सांगा, कंपनीला नंतर.